महापालिकेचं काम घेताना: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

बेघर निवारा, समुपदेशन केंद्र, भटक्या कुत्र्यांची नसबंदी, वस्तीतली आरोग्य जनजागृती अशी कितीतरी कामं महापालिका स्वयंसेवी संस्थांकडून करून घेते. नागपुरातल्या संस्थांकडून आणि नागरिकांकडून याविषयी प्रश्न मागवले होते. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. निविदा, हिशेब आणि धर्मादाय कायदा हाताळणाऱ्या मंडळींनी मिळून उत्तरं लिहिली आहेत. ज्या रकमेआधी 'समजा' लिहिलं आहे ती केवळ हिशेब कळावा म्हणून घेतली आहे.

झोन कार्यालयातून निरोप आला की निवारा चालवायला घ्या, अनुदान मिळेल. हाती आलेल्या मसुद्यात मात्र 'सुरक्षा अनामत' आणि 'दंड' असे शब्द आहेत. हे अनुदान आहे की कंत्राट? (पारडी)

कंत्राट आहे. बोलताना त्याला कुणी काहीही म्हणो, मसुद्यात दंड आणि अनामत असेल तर महापालिका तुमच्याकडून सेवा विकत घेते आहे.

फरक पैशाच्या चालीत दिसतो. अनुदानात रक्कम आधी हातात येते, ठरलेल्या बाबींवरच खर्च होते आणि उरलेली परत करावी लागते. केंद्राचा निधी असेल तर सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे १२-अ नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेही आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत. खात्यात पडून असलेल्या अनुदानावरचं व्याजसुद्धा संस्थेचं नसतं, ते सरकारजमा करायचं असतं. कंत्राटात आधी काम, मग बिल. खर्च कमी झाला तर उरलेलं तुमचं आणि वाढला तर भुर्दंडही तुमचाच. कंत्राटी बिलातून दोन टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता केलेला आयकर, कापला जातो, खऱ्या अनुदानातून कापण्याचं कारण नाही. धर्मादाय संस्थेची आयकर नोंदणी असली तरी कंत्राटातला टीडीएस आपोआप थांबत नाही. त्यासाठी आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आधी काढून ते लेखा विभागात द्यावं लागतं.

सगळ्यात वाईट कागद म्हणजे दोन्हीची खिचडी: खर्चाच्या पावत्या अनुदानासारख्या मागायच्या आणि दंड कंत्राटासारखा लावायचा. असा मसुदा आला तर सही करण्याआधी लेखी विचारा की देयक प्रत्यक्ष खर्चावर मिळणार की ठरलेल्या दरावर. ते कलम सुटसुटीत एका ओळीत येईपर्यंत थांबा.

आणि निरोपावर काम सुरू करू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७३ मध्ये करार कुणाच्या मंजुरीने करायचा ते ठरलेलं आहे. ठराविक रकमेपुढे स्थायी समितीची मंजुरी लागते. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली तेव्हा हे अधिकार प्रशासकाकडे गेले होते, पण मंजुरीची गरज तेव्हाही संपली नव्हती. कायद्यात सांगितलेल्या पद्धतीने न झालेला करार महापालिकेवर बंधनकारक राहत नाही. म्हणजे साहेबांच्या तोंडी शब्दावर दोन महिने निवारा चालवलात, तर त्या दोन महिन्यांचं बिल कुठल्या टेबलावर ठेवायचं हेच कळत नाही. मंजुरीचा ठराव क्रमांक, कार्यादेश आणि करारनामा हे तिन्ही हातात असू द्या. करारनाम्याला जुना शंभराचा मुद्रांक कुणी आणून दिला तर परत करा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात तिथे पाचशेचा लागतो.

पन्नास जणांच्या निवाऱ्यासाठी दर भरायचा आहे. आमचा अंदाज वर्षाला सहा लाखांचा आहे, कारण पूर्वी तेवढेच मिळायचे असं ऐकलं. बरोबर आहे का? (मानेवाडा)

सहा लाखांचा आकडा आला तो राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून. पन्नास जणांच्या निवाऱ्याच्या देखभालीसाठी वर्षाला तेवढी रक्कम त्या मार्गदर्शक सूचनांत धरलेली होती. त्या अभियानाची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. त्यामुळे पहिला प्रश्न दराचा नाहीच: पैसा आता अर्थसंकल्पातल्या कुठल्या लेखाशीर्षातून येणार, आणि त्या शीर्षात चालू वर्षाची तरतूद किती, हे निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. तरतूद नसलेल्या कामाची निविदा निघू शकते, बिल मात्र अडकतं.

आता हिशेब करू. निवारा चोवीस तास उघडा ठेवायचा तर आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला २१ पाळ्या. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करतो, म्हणून काळजीवाहक तीन पुरत नाहीत, साडेतीन लागतात. बहुतेक निविदा इथेच फसतात. तीन माणसं दाखवायची आणि साप्ताहिक सुट्टीला बदली माणूस कुठून आणायचा हे विसरायचं. मग एकच माणूस सलग सोळा तास करतो आणि चौथ्या महिन्यात काम सोडून जातो. व्यवस्थापक वेगळा. एकूण साडेचार माणसं.

समजा वेतन महिना १५,००० रुपये. संस्थेत मिळून वीस माणसं असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो, दहा असतील तर ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. ही संख्या पूर्ण संस्थेची मोजतात, एका प्रकल्पाची नाही. निधीचा मालकाचा वाटा प्रशासकीय आकार आणि विम्यासकट १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआयसीचा मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे ४८८. एक माणूस १७,४३८ रुपयांना पडला. साडेचार माणसांचे महिन्याला ७८,४७१ आणि वर्षाला ९,४१,६५२. वीज, पाणी, साबण, चादरी अजून यायच्या आहेत आणि सहा लाख केव्हाच मागे पडले.

वेतनाचा आकडा मनाने घेऊ नका. तुमच्या कामाला लागू असलेलं किमान वेतन पाहा आणि त्यात विशेष भत्ता मिळवा. राज्यात हा भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. करार तीन वर्षांचा आणि दर गोठवलेला असेल तर सहा वेळा होणारी वाढ तुमच्या खिशातून जाईल. 'किमान वेतनातील वाढ देयकात स्वतंत्रपणे देय राहील' हे वाक्य निविदेत नसेल तर शुद्धिपत्रक मागा.

नागपूरचा उन्हाळा दरात धरा. एप्रिल ते जून कूलरशिवाय निवाऱ्यात माणूस थांबत नाही. पन्नास जणांच्या हॉलला मोठे कूलर, त्यांच्या ताट्या दर हंगामात नव्या, पाणी रोज भरणं आणि वीज बिल, हे सगळं महापालिका करणार की संस्था? इमारत महापालिकेची असली तरी करारात बहुधा फक्त 'देखभाल संस्थेने करावी' असं मोघम वाक्य असतं. मोटर जळाली की त्या वाक्यावरून वाद सुरू होतो. किरकोळ दुरुस्तीची रकमेत मर्यादा लिहून घ्या, समजा महिन्याला दोन हजारांपर्यंत संस्था, त्यापुढे झोनचा अभियंता. चादरी माणशी दोन धरा आणि धुलाईतल्यांसाठी वीस टक्के जादा, म्हणजे १२० नग. डिसेंबर-जानेवारीत ब्लँकेटं वेगळी.

शेवटी सेवा शुल्क, म्हणजे खर्चावर संस्था स्वतःसाठी लावते ती टक्केवारी. काम मिळावं म्हणून काही संस्था शून्य टक्के शुल्क भरतात. लेखापाल, ऑडिट, छपाई, झोनच्या चकरा यांचा खर्च मग देणगीतून निघतो आणि देणगीदाराला पत्ताही नसतो की आपला पैसा महापालिकेचं काम स्वस्तात करायला गेला. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर मनुष्यबळाच्या निविदांना ३.८५ टक्के किमान सेवा शुल्क ठरवावं लागलं ते याच चढाओढीमुळे. आमच्या मते निवाऱ्यासारख्या कामात सात-आठ टक्क्यांखाली उतरू नये. काम गेलं तरी चालेल.

निविदा तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या कागद तपासणीतच, बाद झाली. कागद सगळे होते. (जरीपटका)

पत्रासोबत पाठवलेल्या यादीवरून दोन शक्यता दिसतात. निविदेवर सही करणारे सचिव धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट-१ मध्ये, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीत, नाहीत. निवड होऊन वर्ष झालं, पण बदल अर्ज प्रलंबित आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज करायचा असतो. तो केला असेल आणि निकाल लागला नसेल, तर अर्जाची पोच आणि सहीचा अधिकार देणारा कार्यकारिणीचा ठराव असे दोन्ही कागद लिफाफ्यात हवेत. डिजिटल सहीही त्याच माणसाच्या नावाची हवी, वर्ग ३ ची. वर्ग २ ची प्रमाणपत्रं २०२१ पासून देणं बंद आहे.

दुसरं, तुमच्या प्रस्तावनेच्या पत्रात 'आम्ही हे काम अमुक रकमेत करू' असं वाक्य आहे. दर दिसावा तो फक्त आर्थिक लिफाफ्यात. तांत्रिक लिफाफ्यात तो एका ओळीत जरी आला तरी निविदा बाद होते, आणि यात कुणाची मेहरबानी चालत नाही. राज्याच्या महाटेंडर्स या निविदा पोर्टलवरून उतरवलेल्या दरपत्रकाच्या एक्सेल फाइलचं नावही बदलू नका. नाव बदललं की पोर्टल ती स्वीकारत नाही, आणि हे लक्षात येतं शेवटच्या दिवशी संध्याकाळी.

आमचा हिशेबनीस म्हणतो बिलावर १८ टक्के जीएसटी लावा, कार्यालय म्हणतं लावू नका. कोण बरोबर? (हनुमाननगर)

काम कुठलं आहे त्यावर ठरतं. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत महापालिकांची अठरा कामं दिली आहेत. दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण, झोपडपट्टी सुधारणा, नागरी दारिद्र्य निर्मूलन, सार्वजनिक आरोग्य ही त्यातली. अशा कामासाठी महापालिकेला दिलेल्या 'निव्वळ सेवे'वर २०१७ च्या १२ क्रमांकाच्या अधिसूचनेतील नोंद ३ प्रमाणे कर शून्य आहे. सेवेसोबत वस्तूही दिल्या तर नोंद ३-अ पाहायची. वस्तूंचं मूल्य एकूण मूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत असेल तरच सूट.

अडचण जेवणाने होते. समजा तुमच्या निवाऱ्याचा मनुष्यबळ आणि देखभालीचा भाग ११ लाख, आणि पन्नास जणांचं दोन वेळचं जेवण माणशी वेळेला ३० रुपयांनी वर्षाला १०,९५,००० रुपये. दोन्ही एकाच कार्यादेशात आले तर एकूण जवळपास २२ लाख होतात. धान्य, भाजी, गॅस मिळून साडेपाच लाखांच्या पुढे सहज जातात. पंचवीस टक्क्यांची रेषा ओलांडली की सूट गेली, तीही फक्त जेवणावरची नव्हे तर पूर्ण रकमेवरची. म्हणून जेवणाचा कार्यादेश वेगळा मागा किंवा तो भाग महापालिकेने थेट बचत गटाला द्यावा असं सुचवा. धर्मादाय संस्था म्हणून मिळणारी वेगळी सूट इथे कामी येत नाही. अधिसूचनेतली धर्मादाय कार्याची व्याख्या अरुंद आहे. बेघर मुलांचं शिक्षण तिच्यात येतं, शहरातल्या बेघर प्रौढांना रात्रीचा आसरा देणं येत नाही.

दर भरताना 'लागू असल्यास जीएसटी वेगळा' ही अट निविदेत आहे का ते आधी पाहा. 'सर्व करांसह' असेल आणि पुढे कर लागला तर तो तुमच्याच दरातून जाईल. उलट बाजूने, करमाफ बिलातून लेखा विभागाने दोन टक्के जीएसटी-टीडीएस कापला असेल तर लगेच लेखी हरकत घ्या. ती कपात अडीच लाखांवरच्या करपात्र कराराला असते. संस्थेची जीएसटी नोंदणीच नसेल तर कापलेली रक्कम जमा दिसायला खातंच नसतं.

दर महिन्याला बिल आक्षेप लागून परत येतं. काम चोख आहे. मग काय चुकतं? (लकडगंज)

पाठवलेल्या तीन महिन्यांच्या नोंदवहीच्या प्रती नीट पाहिल्या. काम चोख असेलही, वही तसं सांगत नाही.

एका पानावरच्या बावीस नोंदी एकाच पेनाने आणि एकाच हस्ताक्षरात आहेत, सह्यांच्या रकान्यात आठ अंगठे आहेत आणि सगळे डाव्या कडेला सारखेच तिरके. लेखापरीक्षकाला हे दिसायला भिंग लागत नाही. येण्याची वेळ प्रत्येकाची रात्री नऊ. प्रत्यक्षात मेयो किंवा मेडिकल रुग्णालयाच्या फाटकाजवळून येणारा माणूस अकराला येईल, रेल्वे स्थानकावरचा साडेबाराला. खऱ्या वहीत वेळा विस्कटलेल्या असतात. काळजीवाहकांच्या हजेरीपत्रकावर ३१ एप्रिलची हजेरी भरलेली आहे, कारण छापील तक्ता ३१ घरांचा आहे. एवढ्या एका घरामुळे पूर्ण महिन्याच्या हजेरीवर संशय येतो. महिन्याच्या दिवसांपुढची घरं आधीच आडवी रेघ मारून बंद करा.

रात्री बारा वाजता माथी मोजून वहीत एक बेरीज लिहायची आणि पाळीवरच्या माणसाने खाली सही करायची. त्याच वेळी वेळ आणि ठिकाण उमटणारा एक फोटो काढायचा. फोटोतली माणसं आणि बेरीज जुळली की निम्मे आक्षेप गळतात. झोपलेल्यांचे चेहरे टिपू नका, हॉलच्या दारातून पायांकडून काढा. ओळखपत्र नसलेल्याला परत पाठवू नका. त्या रकान्यात 'नाही' लिहिलं की झालं.

दुसरा घोळ चलनाचा, म्हणजे पैसे भरल्याच्या पावतीचा, आहे. तुम्ही बिल पाच तारखेला देता आणि त्यासोबत त्याच महिन्याचं भविष्य निर्वाह निधीचं चलन मागितलं जातं. चलनाची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत असते. त्यामुळे एकतर बिल १६ तारखेला द्या, नाहीतर 'मागील महिन्याचं चलन ग्राह्य' असं विभागाकडून लेखी घ्या. चलनासोबतच्या यादीतली नावं, हजेरीपत्रकातली नावं आणि बँकेच्या वेतन जमा यादीतली नावं स्पेलिंगसह एकच हवीत. बदली माणसाला रोखीने पैसे दिले तर तो या तिन्ही यादीत नसतो आणि त्याच्या पाळ्यांचे पैसे कापले जातात.

बिलावरचा आक्षेप विभागाकडून लेखीच मागून घ्या, तारखेसह. 'साहेब म्हणाले' याला उत्तर देता येत नाही.

बिलं चार महिने थकली. अध्यक्षांनी स्वतःचे तीन लाख संस्थेला उसने दिले तर चालेल? (धंतोली)

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही. बिनव्याजी आणि घरचंच असलं तरी ते कर्जच, आणि लेखापरीक्षक ते अहवालात लिहितो. अध्यक्षांना परत नको असतील तर देणगी म्हणून पावती फाडा. परत हवे असतील तर परवानगीचा अर्ज करा. परदेशी देणगीच्या खात्यातून तात्पुरती उचल तर मुळीच नको, त्यातून नोंदणीच धोक्यात येते. वर दिलेल्या हिशेबाने चार महिन्यांचं फक्त वेतन, निधी आणि ईएसआयसीच्या वाट्यासकट, ३,१३,८८४ रुपये होतं. एवढी गंगाजळी नसेल तर निवाऱ्याचं काम घेऊच नये. ज्या मुदतीत बिल चुकतं व्हायला हवं ती करारात लिहून घेता येते, पण पगार बिलाची वाट पाहत थांबत नाही.

कुत्र्यांच्या नसबंदीचं काम आमची प्राणिमित्र संस्था घेऊ शकते का? (गोधनी)

प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची प्रकल्प मान्यता असेल तरच. संस्थेची मंडळाकडे नोंदणी असणं आणि त्या प्रकल्पाला मान्यता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसा कुत्र्यामागे मिळतो, म्हणून मोजणीवर सगळं अवलंबून असतं. पकडलेलं ठिकाण प्रत्येक प्राण्यामागे नोंदवा, कारण शस्त्रक्रियेनंतर त्याला सहसा तिथेच सोडायचं असतं. पकडलेलं पण शस्त्रक्रियेला अयोग्य ठरलेलं जनावर, म्हणजे आजारी किंवा आधीच नसबंदी झालेलं, त्याचा पकडण्याचा आणि सांभाळण्याचा दर करारात वेगळा नसेल तर तो खर्च बुडाला म्हणून समजा.

आमच्या प्रभागातलं महापालिकेचं केंद्र एक संस्था चालवते. बहुतेक वेळा कुलूप दिसतं. नागरिक म्हणून काय मागता येईल? (धरमपेठ)

माहिती अधिकाराचा अर्ज संस्थेकडे न करता त्या कामाच्या विभागातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. करार आणि बिलं महापालिकेच्या ताब्यात असतात, त्यामुळे 'ही खासगी संस्था आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. मोठ्या प्रमाणात सरकारी पैशावर चालणारी संस्था स्वतःही कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही महाविद्यालय संस्थेच्या प्रकरणात म्हटलं आहे. पण तो वाद लांबचा. पहिला अर्ज महापालिकेतच करा.

'केंद्राची सर्व माहिती द्या' असं लिहू नका. करारनाम्याची प्रत, मागच्या तीन मंजूर देयकांची प्रत, त्यांना जोडलेली हजेरीपत्रकं आणि त्या काळातले तपासणी अहवाल, एवढंच मागा. अर्जाआधी पंधरा दिवस कुलपाच्या तारखा आणि वेळा टिपून ठेवा. हजेरीपत्रकात त्या वेळेला कुणाची सही असेल तर ती तारीख वर्तुळ करून झोनच्या सहायक आयुक्तांकडे तक्रार द्या आणि आवक क्रमांक घ्या. उत्तर देताना कर्मचाऱ्यांचे आधार आणि बँक खात्याचे क्रमांक झाकून दिले जातात. त्याला हरकत घेऊ नका, त्यांची गरजही नाही.

कुलपाचं कारण कधी वेगळंही निघतं. करारात केंद्राची वेळ दुपारी दोन ते सहा असते आणि फलक दहा ते सहाचा लागलेला असतो. म्हणून तक्रारीआधी करारातली वेळ वाचा.